अंतर्गळाची तिसरी तारीख

वर्धा,
मार्गशीर्ष, १९५५

तीर्थस्वरूप सौ. भागीरथा आक्का हिच्या चरणी धाकट्या श्रीधरचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग सध्या बिघडलेलं असल्यामुळे हा नमस्कार कागदावरच घातला आहे, तो गोड मानून घे.)

तुझी आणि मुलांची खुशाली कळव. आनंदाबाईंच्या गुडघ्याला आराम पडला का? (भाऊजी, इथं थांबून तुमच्या मातोश्रींचं उत्तर ऐकून घ्या, नाहीतर त्या पुढचं वाचू देणार नाहीत.) हे पत्र रूपराव भाऊजीच ओट्यावर बसून मोठ्यानं वाचणार आणि सारं घर ऐकणार, हे धरूनच लिहितो आहे. तुमच्या शेजारचे बंडूजी बाजाराला आले होते, त्यांच्या हाती पत्र आणि तुझ्यासाठी चोळीचा खण देतो आहे. खण भाऊबिजेला द्यायचा राहिला होता. तो तू स्वतः उघड, मुलांचे हात लागू देऊ नकोस.

तर हकीकत अशी की, शाळेचं पाण्याचं पिंप एकट्यानं उचलण्याची मर्दुमकी मी केली आणि जांघेत एक फुगोटी आली. धोतराला एक गाठ जास्त मारून मी ती वर्षभर झाकली. शेवटी तुझ्या भावजयीनं, पद्मानं, ओढूनच इथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सर्जनसाहेब म्हणाले, हा अंतर्गळ आहे. पोटाची भिंत एका जागी विरली आणि आतडं बाहेर डोकावू लागलं, कुंपण मोडलं की गोऱ्हा शेजारच्या वावरात शिरतो तसं. गोऱ्हा आत ढकलायचा आणि कुंपण शिवायचं, एवढंच काम. (भाऊजी, हसू नका. आतडं माझं आहे.)

सर्जन म्हणजे पोट फाडणारा माणूस, अशी माझी समजूत होती. वॉर्डात पडल्यावर कळलं की त्याचा संसार मोठा आहे. तिथं माणसाला नावानं कोणी ओळखत नाही. माझ्या डावीकडे मूळव्याध होती, ती दिवसभर उभ्यानं वर्तमानपत्र वाचायची. उजवीकडे पित्ताचा खडा. त्या गृहस्थानं आपला खडा बाटलीत घालून उशाशी ठेवला होता आणि भेटायला आलेल्यांना तो नातू दाखवावा तसा दाखवायचा. दाराशी मांडीवरचं करट, खिडकीशी गळ्याची गाठ. मी त्यांच्यात 'अंतर्गळ गुरुजी' झालो.

पहिल्या तारखेला नेमकी एकादशी आली. काही खायचं नाही, असं बजावलेलं होतं, आणि मी खाल्लंही नव्हतं. फक्त भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर थोडं दही. टेबलाजवळ शोभाबाई नर्सनं विचारलं तेव्हा मी अभिमानानं सगळं सांगितलं. सर्जनसाहेबांनी हातमोजे काढून ठेवले. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन छातीत जातं म्हणे, माणूस दगावतो. शोभाबाई म्हणाल्या, "गुरुजी, हा उपास देवाले चालते, ऑपरेशनले नाई चालत. घरच्या बाईले सांगजा, पाणीसुदिक देऊ नका!" पद्मा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, जणू भगर मी एकट्यानं रांधली होती.

दुसऱ्या तारखेला मी कडकडीत उपाशी होतो. पण तबकात मांडलेल्या कात्र्या-सुऱ्या पाहिल्या आणि लघवीला जाऊन येतो असं सांगून मी मागच्या दारानं जो निघालो तो थेट रस्त्यावर. अंगात दवाखान्याचा झगा, ज्याचे बंद पाठीमागे असतात आणि त्यातलाही एकच बांधलेला. माझ्याच चौथीच्या वर्गातली पोरं मागून येत होती. शिस्त मीच लावलेली, त्यामुळे ती रांगेत उभी राहिली आणि मागूनच ओरडली, "नमस्ते गुरुजी!" मी भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा सरकत परत दवाखान्यात गेलो. त्यापेक्षा सुरी बरी.

सर्जनसाहेब रागावले नाहीत. खाटेवर बसून त्यांनी विचारलं, तुमच्याजवळ कोण बसलं म्हणजे धीर येईल? मी म्हणालो, आक्का. ते म्हणाले, मग त्यांना बोलावून घ्या. तिसरी तारीख येत्या गुरुवारची आहे. भाऊजी, कापूस वेचणीचे दिवस आहेत, आक्का नसली की वेचणाऱ्या बायांकडे कोण बघणार, हे मला कळतं. पण माझी लाज तुमच्या हाती आहे, मागची बाजू तर गावानं पाहिलीच. तिला पुलगावाहून गाडीत बसवून द्या. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि पत्र वाचल्याबद्दल भाऊजींना माझ्या नावानं एक पान.

तुझा,
श्रीधर

ता. क. (हा कागद वेगळा, खणाच्या घडीत. एकटी असशील तेव्हा वाच.)

आक्का, माझं ऑपरेशन गेल्या महिन्यातच झालं. दोन्ही फजित्या खऱ्या, पण तिसऱ्या खेपेला पद्मानं हात धरला आणि सगळं पार पडलं. टाके निघाले. काल नालवाडीपर्यंत चालून आलो. सर्जनसाहेबांनी तुला बोलावून घ्या म्हटलं, हेही खरं, पण ते माझ्यासाठी नव्हे.

दिवाळीत तुला उटणं लावताना पद्माच्या हाताला छातीतली गाठ लागली. तू तिला शपथ घातलीस, "इतकी लेकरं पाजली, आता कोणाले दाखवू?" म्हणालीस. ती झुरली, जेवेनाशी झाली आणि शेवटी तिनं मला सांगितलं. मी सर्जनसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, कित्येक गाठी साध्या निघतात, पण हात लावून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि वाईट असली तर लहान आहे तोवरच काढायला हवी. ते तपासताना खिडकीबाहेर बघतात, तोंडाकडे बघत नाहीत. शोभाबाई तुझा हात धरून उभ्या राहतील. मी पडद्याबाहेर असेन. जे निघेल ते भाऊजींना मी सांगेन.

मला भीती वाटते, आक्का. स्वतःच्या पोटाची वाटली त्याहून कितीतरी जास्त. स्वतःसाठी तू वावर सोडून येणार नाहीस, म्हणून घरात सांगायला माझं भित्रेपण पाठवलं आहे. ते घेऊन ये.

आणखी ता. क. पद्मा शेजारी बसून रडते आहे आणि म्हणते, असंच लिहा: "आक्काबाई, शपथ मी मोडली. मले रागवा, पण वर्ध्याले येजा."