उत्तराची जागा

प्रिय व्हर्डी,

तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या बोटीच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे. बोट नदीवर कुठेही असली तरी ते टपाल पोचवतात म्हणे. ओहायो नदीला पूर आल्याचे रेडिओवर ऐकले. बोटीच्या स्वयंपाकघरात तू कोरडी आणि उबेत असशील, असे मी धरून चालले आहे.

आई बरी आहे. ओसरीवर बसून घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवते आणि माळा वाळत घालते. आणि आपल्या ‘उसनी शिडी’चा पहिला अल्बम पुरा झाला. बँडला हे नाव देणारी तूच, आणि ‘मेलेल्यांची गाणी विकायची मला लाज वाटते’ असे म्हणून सोडून जाणारीही तूच. तरी ऐकलास तर तुला हसू येईल. होबार्टचा बँजो, रेफ्युजिओचे अकॉर्डियन, खाणकामगारांची गाणी, मध्येच एक मेक्सिकन नाच. होबार्ट म्हणतो, “हा अल्बम नाही, माझ्या आत्याचा माळा आहे. हात घालाल तिथे काहीतरी सापडतं!”

शेवटचे गाणे मात्र आम्ही चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केले. खाण बंद झाल्यापासून तिथे कोणी जात नाही. तुला आठवत असेल, गाण्याचे पुस्तक कोणाकडेच नसे. आजोबा पुढे उभे राहून एक ओळ भराभर म्हणत आणि सारी मंडळी तीच ओळ संथपणे, लांबवत परत गात. माझी कल्पना अशी होती की ओळ मी म्हणावी आणि मंडळींच्या उत्तराची जागा रिकामी सोडावी. गाव किती ओस पडले आहे, ते त्या शांततेनेच सांगावे.

तिसऱ्या ओळीनंतर त्या जागेत कोणीतरी गाते आहे.

चर्चमध्ये आम्हा तिघांपैकी कोणालाही ते ऐकू आले नाही. घरी येऊन ध्वनिमुद्रण लावल्यावर कळले. होबार्ट म्हणाला, “उंदीर असेल.” रेफ्युजिओने छातीवर क्रूसाची खूण केली आणि विचारले, “तुमच्याकडचे उंदीर सुरात गातात?” मग होबार्ट माझ्याकडे वळला. “बाईसाहेब, एवढी पुस्तकं वाचता, सांगा की हे काय ते!” मी ती जागा पुन्हा लावून ऐकली. स्वर किंचित चढा होता आणि श्वास शब्दाच्या मध्येच घेतलेला. ही चूक आजोबांनी एकाच नातीला माफ केली होती, आणि ती नात मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जाऊन गायलो. उत्तर आले नाही. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही.

आईला कळू द्यायचे नव्हते. पण ध्वनिमुद्रण वाजत असतानाच ती एप्रनला हात पुशीत आत आली आणि म्हणाली, “व्हर्डी कधी आली गं? काही खाल्लं का तिनं?” मग आमचे चेहरे पाहून ती सावकाश खुर्चीत टेकली. क्लेटसमामाचा खोकला तिने असाच एका सकाळी ओसरीवर ऐकला होता, आणि दुपारी खाणीवरून माणसे तो गेल्याचे सांगायला आली होती. आवाज माणसाच्या आधी घरी आला तर काय समजायचे, हे आपल्या डोंगरात पोरांनाही सांगावे लागत नाही. तिने एवढेच म्हटले, “तिला लिही. आत्ताच लिही.”

अल्बम लवकरच छपाईला जाईल. होबार्ट म्हणतो, “एक बटण दाबलं की गेला आवाज. कशाला जिवाला घोर?” मी त्याला थांबवून ठेवले आहे. व्हर्डी, तुझे उत्तर आले, भले त्यात नुसत्या शिव्या असोत, तर ते बटण मी स्वतः दाबीन आणि ती जागा मला हवी होती तशी रिकामी होईल. उत्तर आले नाही, तर तो आवाज मी कोणालाही पुसू देणार नाही. मग गाणाऱ्यांच्या नावांत तुझे नाव छापावे लागेल, आणि ते मला छापायचे नाही.

उत्तराची जागा मोकळी ठेवून बसलेली,
तुझीच,
ओर्लीना