बुधवारचं नाव

पप्पा, आधी माझी एक चूक दुरुस्त करते. तुम्ही गेल्यावर विहाराच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर एक पान लिहून द्यायला मला सांगितलं होतं. त्यात मी लिहिलं की आजी तुम्हाला 'बुधा' म्हणायची ते तथागतांच्या नावावरून. ते खरं नाही. तुम्ही बुधवारी जन्मलात म्हणून बुधा, एवढंच. गावाने त्याचं 'बुध्या' केलं. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी दुसरं नाव लावलं, तेव्हा सुटलो असं तुम्हाला वाटलं होतं.

चूक पकडली ती घानाच्या आंटीने. तुम्ही दोघांनी बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये, लाँड्रीत, इतकी वर्षं समोरासमोर उभे राहून चादरींच्या घड्या घातल्या, म्हणून छापायच्या आधी ते पान तिला वाचून दाखवावं असं मला वाटलं. रविवारी बसने गेले. उजव्या हातात बॅग होती म्हणून कागद डाव्या हाताने पुढे केला, तर तिने घेतलाच नाही. मी हात बदलल्यावर घेतला. तुम्हीही असेच होतात. त्या ओळीशी आल्यावर तिने मला थांबवलं आणि विचारलं, बुद्ध यात कुठून आले? मग सांगू लागली. तुमचा पहिला आठवडा, चहाची सुट्टी. ती सगळ्यांना विचारते, तुमचा जन्म कुठल्या वारी झाला? तारीख सगळ्यांना माहीत, वार कुणालाच नाही. तुम्ही मात्र लगेच सांगता, बुधवार. मग तू क्वाकू, ती म्हणते. तिच्या अकान लोकांत (सगळ्या घानाचं हे नाही, हे ती दर वेळी बजावते) मूल आपल्या वाराचं नाव घेऊनच येतं, ते त्याच्या आत्म्याचं नाव. आईबाप निवडतात ते नाव नंतरचं. "आत्मा आमच्यात नसतो," तुम्ही म्हणालात, "वार चालेल." ते आठवून ती अजून हसते. मग तुम्ही हळूच विचारलंत, तुमच्याकडे या नावाने शिवीसारखी हाक मारतात का? ती म्हणाली, "आमच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव शनिवारचं होतं. कोण शिवी देणार?" सुट्टी संपली, तुम्ही चादरीची टोकं जुळवत राहिलात. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलंत की यापुढे मला त्याच नावाने हाक मार.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. इथल्या शाळेत जायच्या आधी तुम्हीच माझी शाळा होतात. तुम्ही ड्युटीवरून आलेले, हातांना साबणाचा वास, आणि मी जुन्या पाकिटांच्या पाठीवर वार लिहितेय. सोमवार, मंगळवार, बुद्धवार. तुम्ही माझी पेन्सिल धरता. "बुद्ध मोठे आहेत म्हणून त्यांना कुठेही बसवायचं नाही. जास्तीचा द काढ." मला रडू येतं, तरी तुम्ही दहा वेळा लिहून घेता.

आंटीकडून आल्यावर स्मरणिका बघणाऱ्या काकांना फोन केला. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "अगं, तथागतांचं वाचायला किती छान वाटतं. ते नाव आपण गावातच टाकून आलो. आता इथल्या पोरांना कशाला सांगायचं?" त्यांनीही तसल्याच हाका ऐकल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. मी 'ठीक आहे काका' असा मेसेज लिहिला, तीनदा वाचला आणि पाठवला नाही. कारण निघताना आंटीने दारात एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्याकडे आठव्या दिवशी बाळाच्या जिभेवर एक थेंब पाण्याचा ठेवतात, एक दारूचा, आणि सांगतात, पाणी असेल तर पाणी म्हण, दारू असेल तर दारू म्हण. "तुझ्या बापाने दारू चालवून घेतली नसती," ती म्हणाली, "त्याला दोन्ही वेळा पाणीच दिलं असतं."

ओळ मी बदलली आहे. आता अशी आहे: बुधवारी जन्मले म्हणून आईने त्यांना बुधा म्हटलं, गावाने बुध्या, आणि कामावर ते क्वाकू झाले, ते नाव त्यांनी स्वतः मागून घेतलं. छापायच्या आधी सगळी पानं विहारात मोठ्याने वाचतात. माझं पान मीच वाचणार, काकांच्या समोर. आंटीला शेजारी बसवणार आहे.

हे पत्र या वहीतच राहील, म्हणून एक गोष्ट इथेच लिहिते. ते चुकून झालं नव्हतं, पप्पा. ती ओळ लिहिताना तुम्ही धरलेली पेन्सिल मला आठवली होती. छान दिसेल म्हणून मी तो जास्तीचा द बसवला. तो काढायला विहारात जाते आहे, येत्या बुधवारी, संध्याकाळी सात वाजता.