सेकंदाचा साठावा भाग

१२ जून

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्हाला ओळख पटणार नाही, म्हणून आधीच सांगते. मी तुमच्या ताईची मुलगी. घरी मला ठकू म्हणतात. आपण एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. दोन महिन्यांपासून मी आमच्या चौकातल्या फोटो स्टुडिओत नोकरी करते. परवा मालकांचा कॅमेरा दुरुस्त होऊन आला आणि पार्सलावर पाठवणाऱ्याचं नाव वाचून मी उडालेच. घरात हे नाव निघालं की आई भांडी उगाच जोरजोरात घासायला लागते. का, ते कुणी सांगत नाही.

मालक मला काही शिकवत नाहीत. दिव्याची छत्री धर, मागचा पडदा झटक, गिऱ्हाइकाची मान सरळ कर, एवढंच काम. विचारलं तर म्हणतात, बघून बघून शिक. नुसतं बघून येत असतं तर समोरच्या खिडकीतल्या काकू एव्हाना नामांकित फोटोग्राफर झाल्या असत्या.

म्हणून सुट्टीच्या दिवशी मालकांचा एक जुना कॅमेरा मागून आणला आणि आईचा फोटो काढला. सोबत पाठवते आहे. तिचं नाक एवढं मोठं का आलं? फोटो पाहिल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

उत्तर स्टुडिओच्या पत्त्यावर धाडावं. आईला यातलं काही ठाऊक नाही. न पाहिलेल्या भाचीवर उधारीने का होईना, माया करावी.

आपली,
ठकू

२१ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मामाला अहो-जाहो करतेस, म्हणजे एक तर तू फार सभ्य आहेस किंवा तुला काहीतरी फुकट हवंय. दुसरंच असणार. ताईचीच मुलगी ना तू!

नाकाचा काही दोष नाही, तुझा आहे. रुंद लेन्स लावून तू तिच्या तोंडाशी जाऊन उभी राहिलीस. जे जवळ ते मोठं दिसतं, आणि नाक कानांच्या पुढे असतं हे तुला कुणी सांगायला नको. चार-पाच पावलं मागे ये आणि लांब पल्ल्याची लेन्स लाव. मालकांकडे एक पंच्याऐंशी मिलिमीटरची आहे, तिची बुरशी मीच काढून दिली होती. चेहरे थोड्या अंतरावरूनच चांगले दिसतात. हा नियम मी लेन्सपुरताच सांगतोय.

मी स्वतः फोटो काढत नाही, फक्त कॅमेरे दुरुस्त करतो. तेव्हा माझं ज्ञान स्वयंपाक्याचं नाही, शेगडी दुरुस्त करणाऱ्याचं समज.

जाता जाता विचारतो. ताईच्या केसांवर ती दिव्याची चमक आहे, की केस खरंच पांढरे झालेत? आणि चष्मा कधी लागला?

तुझा (अहो नव्हे, नुसता),
मामा

४ जुलै

प्रिय मामा,
सा. न.

'अहो' परत घेतलं. नाक जागेवर आलं आणि आई बोलायला लागली. जरा जास्तच बोलते आहे, पण ती तक्रार तुझ्याकडे कशाला?

मग मी फ्लॅशच्या नादाला लागले. समोरून मारला तर आईचा चेहरा ताटलीसारखा सपाट आला आणि मागे भिंतीवर भुतासारखी सावली. मालकांनी फ्लॅश भिंतीकडे वळवताना पाहिलं होतं, म्हणून मीही वळवला. पण आमचं स्वयंपाकघर हिरवं, त्यामुळे आई थेट पोपट झाली. शेवटी बाहेरच्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर मारला, तर फोटोचा डावा निम्मा भाग काळाकुट्ट!

आता खरी गोष्ट. आधीचे सगळे फोटो बघून आई कडाडली होती. हा मात्र तिने हातातून घेतला आणि आत जाऊन दार लावलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, हे असं का होतं ते त्यालाच विचार, ज्याला सगळं विचारतेस. मामा, तिला कसं कळलं कोण जाणे. मी तर चिठ्ठीचा कपटाही घरी आणलेला नाही.

तुझी गोंधळलेली,
ठकू

१३ जुलै

चि. ठकूस,
अ. आ.

कॅमेऱ्यात दोन पडदे असतात. पहिला सरकून उजेड आत सोडतो, दुसरा त्याच्या मागून येऊन वाट बंद करतो. सेकंदाचा साठावा भाग ठेवलास तर एक क्षण पूर्ण चौकट उघडी असते आणि फ्लॅश तेव्हाच उडतो. वेग त्याहून वाढवलास की पहिला पडदा पोहोचायच्या आत दुसरा निघतो. तू वेगाची चकती एकशेपंचवीसवर ठेवली असणार, म्हणून निम्मा फोटो गेला. पाचशेवर ठेवली तर जेमतेम एक पट्टी उरते.

हे मला ठाऊक आहे, कारण मी पाचशेवर ठेवली होती. तुझ्या आईच्या लग्नात. बावीस वर्षांचा होतो, कॅमेरा नवा होता आणि अक्कल त्याहून नवी. बाहेरचा फोटोग्राफर नको म्हणून मीच हट्ट धरला. सहा रोल काढले. प्रत्येक फोटोत उजेडाची एक पट्टी आणि बाकी अंधार. आमचे वडील, म्हणजे अण्णा, जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नव्हते. लेकीसाठी त्या एका संध्याकाळी राहिले, आणि अंधारात गेले. सात आठवड्यांनी ते खरोखरच गेले.

मी फोटोंचं पाकीट ताईच्या टेबलावर ठेवलं आणि इकडे नोकरी धरली. चोवीस वर्षं झाली. तिच्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही.

हे पत्र तिला दाखवायचं की नाही ते तू ठरव. चकती साठावर ठेव.

मामा

२० जुलै

चि. ढब्बूस,
अ. आ.

तुझी दोन्ही पत्रं पोरीने माझ्या हातात दिली आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला कसं कळलं म्हणून चकित झालात ना दोघं? ती एके दिवशी मला म्हणाली, चेहरे अंतरावरूनच चांगले दिसतात. असला आगाऊ शहाणपणा आपल्या घरात एकालाच सुचतो. केस खरेच पांढरे झालेत. चष्म्याला सात वर्षं झाली.

तुझे सगळे फोटो माझ्याकडे आहेत. तू पाकीट ठेवून पळालास, सगळे नीट पाहिलेही नसतील. एका फोटोत त्या पट्टीत नेमका माझा खांदा आलाय आणि खांद्यावर अण्णांचा हात. नुसता हातच. अंगठ्याच्या नखावरचा शाईचा डागसुद्धा दिसतो. अण्णांचा आख्खा फोटो असता तर मी त्यांचा हात इतका निरखून पाहिला असता का, कोण जाणे.

फोटो बिघडल्याचं कळलं तेव्हा मी रागावले होते. चार दिवस. मग अण्णा गेले आणि पाठोपाठ तू. अण्णांचा इलाज नव्हता, तुझा होता. फोटो गेले ते गेले रे, पण तू कशाला गेलास?

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ये. सबब चालणार नाही. पोट सुटलं असेल तर तसंच घेऊन ये, आमच्याकडे रुंद लेन्स आहे.

तुझी,
ताई

८ ऑगस्ट

प्रिय मामा,
सा. न.

सुखरूप पोहोचल्याचं कळलं. त्या रविवारचा रोल धुऊन आला. मालकांनी स्टुडिओची छत्री आणि दिवा न मागता दिला होता, त्याचा उजेड झकास पडलाय. सावलीच्या बाजूला तू मला पांढरा पुठ्ठा उभा करायला लावलास, तोही कामी आला. चकती तर आपण तिघांनी तीनतीनदा तपासली होती.

पण छत्तीसांतल्या पस्तीस फोटोंत तुम्हा दोघांपैकी कुणीतरी बोलतंय. आईचं बोट वर, तुझं तोंड उघडं, नाहीतर उलट. मालक म्हणाले, एवढ्या बडबडीला कुठलाच वेग पुरत नाही.

छत्तिसावा मात्र नीट आलाय. तुम्ही दोघंही गप्प आहात आणि आईने तुझा कान धरलाय. मी प्रत काढून पाठवणार होते, तर आईने पाकीटच काढून घेतलं. म्हणते, पोस्टाने काही जाणार नाही. पाहायचा असेल तर येऊन पाहा म्हणावं.

तेव्हा केव्हा येतोस ते कळव. भाचीवरची माया आता रोखीत असावी.

तुझी,
ठकू