भेगेवरची काच

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आपलं घर मिस्त्रींच्या हाती सोपवून इथं पुलाच्या कामावर परतलो, पण जीव तिथंच आहे. माझ्या आराखड्याचं पहिलंच काम, आणि तेही आपल्याच घराचं. खाली बुजवलेलं तळं, म्हणून घर खचतंय. चाळीस फूट नुसता चिखल, मग खडक. नव्या पायाचा एकेक खांब, म्हणजे पाइल, खडकापर्यंत उतरेतो भिंतींनी दम धरला पाहिजे. म्हणून भेगांवर तारीख कोरलेल्या सात काचपट्ट्या चिकटवल्यात. भिंत जरा सरकली की काच तडकते. एक जरी तडकली तरी काम बंद, आणि बाबांना घेऊन तू मावशीकडे. हट्ट चालवून घेऊ नकोस. त्यांचाही आणि तुझाही.

लोभ आहे तसाच ठेव.
धाकटा

ता. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सातही काचा धडधाकट आहेत, रोज चहाआधी बघते. दरवाजे मात्र अडकतात. मिस्त्री म्हणतात, जुनं लाकूड आहे. घरभर घरघर आणि डब्याडब्यात धूळ.

बाबांना चेव आलाय. चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या, तेव्हा तुझ्या पट्ट्यांचं भारी कौतुक. माझ्याआधी उठून त्याच पुसत असतात. तुझ्यासमोर कधी चांगलं म्हणाले नाहीत, पण मिस्त्रींना ऐकवतात की माझ्या पोराचं गणित चुकायचं नाही. मावशीचं नाव काढलं की ऐकूच येत नाही.

जेवत जा.
ताई

ता. २० मार्च

ती. ताईस सा. न.

बाबांना पोचवून आलो, पण कामावर गेलो नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. त्यांच्या अंगावर भिंत कोसळली त्या सकाळीही साती काचा शाबूत होत्या, असं तू सांगितलंस. म्हणजे माझं गणितच चुकलं. बाबांना मी मारलं. पुन्हा कुणाच्या घराखाली हात घालणार नाही. समजूत घालू नकोस.

धाकटा

ता. २८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

समजूत घालत नाही. ढिगाऱ्यातून मिस्त्रींनी बाबांची हत्यारांची पेटी काढून दिली, त्याला चार दिवस झाले. तळाशी तुझ्या पाच पट्ट्या आहेत, तुझ्याच अक्षरातल्या तारखेच्या, तडकलेल्या. बाबांनी एकेक उतरवून नवी कापून बसवली, तारखेसकट. त्यांच्या हाताला तोड नव्हती, आणि मी बावळट रोज तेच बघून तुला खुशाली लिहीत राहिले. तुझ्या काचांनी वेळेवर सांगितलं होतं. राजीनामा फाडून टाक.

पट्ट्या गुंडाळलेल्या कागदावर माझ्यासाठी पेन्सिलीने लिहिलंय, की सापडल्या तरी धाकट्याला सांगू नये. त्याचं पहिलंच काम आहे, थांबलं तर हिरमुसेल. बाबांचं न ऐकण्याची माझी ही पहिलीच वेळ.

उत्तराची घाई नाही, माया असू दे.
ताई