पिस्तुलाच्या काचेवरचे कुंकू

मी, भिवाजी रामजी ढमाले, वय एकाहत्तर, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त, राहणार भरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर आणि पुरेसा संतापलेला असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. रागाच्या भरात लिहिले असे उद्या कोणी कोर्टात म्हणेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आज माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब होता तो गेल्या महिन्यात, आणि तेच निस्तरण्यासाठी हा कागद आहे.

१. राहते घर पत्नी सारजाबाई हिला. तिच्या हयातीत तिला कोणी मागच्या खोलीत सरकायलासुद्धा सांगायचे नाही.

२. गेल्या महिन्यात मुलगा दत्ता याच्या नावे दिलेले मुखत्यारपत्र मी रद्द केले आहे. रद्दलेख वेगळा नोंदवला आहे. का रद्द केले, ते गावाला कळावे म्हणून लिहितो.

माझ्याकडे नेमबाजीचे परवान्याचे पिस्तूल आहे. उभ्या हयातीत त्या पिस्तुलाने नेम धरला तो नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच जुळवून. साठीनंतर माशी दिसली तर निशाण पुसट, आणि निशाण दिसले तर माशी गायब. म्हणून पुण्याच्या परवानाधारक बंदूकवाल्याकडून पिस्तुलावर रेड डॉट बसवून घेतला. ही दुर्बीण नव्हे, तीतून काही मोठे दिसत नाही. काचेत एक लाल ठिपका दिसतो, तो निशाणावर ठेवायचा आणि चाप ओढायचा. म्हाताऱ्या डोळ्याला एकाच गोष्टीकडे बघावे लागते, एवढीच सोय. मी पुन्हा तरुणासारखा मारू लागलो आणि तेच घरात कोणाला तरी बोचले.

यंदा गुडघ्यांमुळे मला खाली बसवेना, म्हणून खंडेनवमीची शस्त्रपूजा दत्ताने केली. कोयता, विळा, पहार, पिस्तूल, सगळे पाटावर मांडले. पूजेतले शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही ही आमच्या घरची रीत. मी ती पाळली. दसऱ्याला सकाळी ते पाटावरून उचलले ते थेट क्लबात नेले. तिथे ज्येष्ठांचा सामना होता आणि दत्ता प्लॉटिंगवाल्या मित्रांना घेऊन बघायला आला होता.

हात वर केला तर समोर लालसर धुके. ठिपका कुठेच नाही. मला वाटले, डोळा गेला. एकही गोळी कागदाला लागली नाही. दत्ता मित्रांसमोर मोठ्याने हसला. मी सैन्यात गोळ्यांचे आवाज ऐकले आहेत, पण असा आवाज ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टँपपेपर घेऊनच आला. म्हणाला, "आबा, आता दिसत न्हाई तर जमिनीचं लचांड कशाला ठेवताय? हितं सही करा." आणि बोट ठेवले. मी त्या बोटाच्या बाजूला सही केली. आंधळ्याने करावी तशी.

आठवड्याने दत्ताची मुलगी पल्लवी पिस्तूल पुसायला बसली. तिला नेमबाजी मीच शिकवली आहे. काचेवरून फिरवलेली चिंधी तिने माझ्यापुढे धरली. ती लाल होती. "आबा, डोळं न्हाई गेलं तुमचं," ती म्हणाली, "काचेला कुंकू लागलंय."

दत्ताला विचारले तर म्हणतो, म्या पूजा केली, गुन्हा केला का. नाही केला. काच बघण्यासाठी असते हे त्याला ठाऊक नव्हते, हे मी मान्य करतो. कुंकवाबद्दल माझा राग नाही. बाप चुकल्यावर "आबा, काय झालं" असे विचारायच्या आधी त्याला स्टँपपेपर सुचला, याचा राग आहे आणि तो माझ्याबरोबर जळेल.

३. भरे येथील माझी स्वकष्टार्जित जमीन पल्लवीला. नांदे येथील जमीन दत्ताला पूर्वीच दिली होती, ती त्याने विकून संपवली.

४. पिस्तूलही पल्लवीला. तिचा स्वतःचा परवाना होईपर्यंत ते पोलीस ठाण्यात जमा राहील. लग्नात शर्ट वर करून मिरवायला ते दत्ताच्या कमरेला एक दिवसही लागायचे नाही.

५. क्लबाचे सेक्रेटरी अण्णासाहेब यांना माझा जुना चष्मा. रेड डॉट म्हणजे परीक्षेतली कॉपी, असे ते चारचौघांत म्हणाले होते. स्वतः जाड भिंगांतून नेम धरतात ती कॉपी नव्हे काय, हे त्यांनी माझ्या चष्म्यातून बघून ठरवावे.

६. रेड डॉट पिस्तुलावरून काढून दत्ताला द्यावा. पल्लवीच्या डोळ्यांना त्याची गरज नाही. दत्ता मात्र हल्ली वर्तमानपत्र हात लांब करून वाचतो, मी पाहिले आहे. काच स्वच्छ केली आहे. स्क्रूच्या खाचेत कुंकू राहिले आहे, ते मी काढलेले नाही.

हा मजकूर मी स्वतः, चष्मा लावून, दोनदा वाचला. सही कुठे करायची ते या वेळी मला कोणी बोटाने दाखवलेले नाही.

सही: भिवाजी रामजी ढमाले

साक्षीदार:
१. डॉ. कौस्तुभ आगाशे, नेत्रतज्ज्ञ, पौड. (दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदूची सुरुवात आहे, अंधत्व नाही.)
२. बहिरू धोंडू शेडगे, शेजारी, भरे.

ठिकाण: भरे, ता. मुळशी
दिनांक: ९ नोव्हेंबर २००६