सुलतानचा डावा गुडघा

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार
सबनीससाहेब बाईसाहेबांसह दिल्लीला, हेड ऑफिसात. शनिवारी परत. त्यांचा पॉमेरेनियन सुलतान तोवर आमच्या बालीगंजच्या फ्लॅटवर. अख्ख्या बँकेत हा मान मलाच! पुण्याला बदलीची शिफारस साहेबांच्या हातात. म्हणजे झाल्यातच जमा. वृंदा म्हणते, सहा वर्षं झाली, आता तरी बंगाली शिका. आता कशाला?
बाईसाहेब दारात तिला बराच वेळ काहीबाही सांगत होत्या. मी साहेबांची बॅग टॅक्सीत ठेवत होतो. ज्याचं त्याचं काम.

५ फेब्रुवारी
सुलतान माझ्या खुर्चीत, माझ्या पेपरवर. खाली उतरवला. जरा घाईने, पण उतरवलाच. प्राण्यांना शिस्त आवडते.

रात्री
लंगडतोय. चार पावलं तीन पायांवर, मग डावा मागचा पाय झटकतो आणि नीट चालतो. मग पुन्हा तेच. नाटक. लक्ष द्यायचं नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी
नाटक नाही. अजून लंगडतोय. साहेबांना मूलबाळ नाही, बाईसाहेब ह्याला 'बाळ' म्हणतात. पुणं गेलं!
लीना म्हणाली, बाबा, तू त्याला फेकलास ना? पोरीचं मराठी कलकत्त्यात फार बिघडलंय. 'उतरवलास' म्हणायला हवं. वृंदा 'अहो, ऐका तरी' म्हणत मागे मागे. तिला सांगितलं, ही वेळ बोलण्याची नव्हे, कृतीची आहे.

७ फेब्रुवारी
रजा टाकली. टॅक्सीने जनावरांचे डॉक्टर निशीथ गुहा यांच्याकडे, एक्स-रेसाठी. ते इंग्रजीत म्हणाले, कुत्र्याला कुणीतरी घट्ट धरायला हवं. माझा हात स्थिर. शिशाचे जाड हातमोजे दिले होते, पण त्यांत पकड येईना म्हणून एक हळूच काढला. फोटोत माझी चार बोटं आली, अंगठीसकट. सुलतान नाहीच. डॉक्टर बंगालीत बरंच बोलले. कळलं नाही ते बरं.
दुसरा फोटो, पाय ताणून. गुडघ्याची वाटी अगदी जागेवर! मी निर्दोष! पेढे आणायला निघणार, तोच डॉक्टरांनी त्याचा गुडघा वाकवून अंगठ्याने जरा दाबला. टक. वाटी आतल्या बाजूला घसरली. म्हणाले, ही कधी जागेवर असते, कधी नसते, एका फोटोवर विसंबू नका. गुडघा वाकवून समोरून घ्यायला हवा.
तेवढ्यात लोडशेडिंग. तासभर अंधारात सुलतानला मांडीवर घेऊन बसलो. त्याचं काळीज धडधडत होतं. माझं जास्त.

८ फेब्रुवारी
पुन्हा रजा. वृंदा पुन्हा 'ऐका तरी'. टॅक्सी थांबली होती.
तिसरा फोटो. वाटी ज्या खाचेत बसते ती खाच उथळ. उजव्या गुडघ्यातही तेच! डॉक्टर म्हणाले, लहान जातीच्या कुत्र्यांत हे असतंच, जन्मापासूनचं आहे, कुणी ढकलल्याने नाही. ढकलण्याचा विषय मी काढलाच नव्हता. लीना सोबत आली होती.
डॉक्टरांना मिठी मारली. तरी सावध राहिलेलं बरं. जिना, उड्या, आगगाडीचा लांबचा प्रवास, सगळं बंद ना? असं विचारलं. आगगाडीने काही होत नाही म्हणाले. मी सोडलं नाही. शेवटी वैतागून म्हणाले, बरं, तेही बंद. ह्याला म्हणतात दूरदृष्टी.

९ फेब्रुवारी
साहेब आले. फोटो खिडकीच्या उजेडात धरून समजावलं. खाच, वाटी, वाकवलेला गुडघा, प्रवासाची बंदी. साहेब हसले. म्हणाले, अहो, हा पिल्लू असल्यापासून असाच लंगडतो. हिने तुमच्या मिसेसना जाताना सांगितलं होतं की.
वृंदाकडे पाहिलं. ती बंद पंख्याकडे पाहत होती.
साहेब मात्र खूश. पुण्याची जागा रिकामी झाली आहे, पण ती त्यांनी स्वतःच घेतली. एकच घोर होता, सुलतान. म्हणाले, आता तुम्हीच म्हणता लांबचा प्रवास नको, मग तुमच्याइतका त्याला जपणारा दुसरा कोण? बाईसाहेब रडल्या. मी 'अवश्य' म्हणालो. का म्हणालो?

१० फेब्रुवारी, रविवार
उद्यापासून बंगाली शिकायचं. पक्कं. सुलतान साहेबांकडच्या बंगाली आयेच्या हाताखाली वाढलेला, त्याला मराठी कळत नाही. सुरुवात आजच केली. 'बोशो' म्हटलं.
बसला. माझ्या खुर्चीत.