माझे एकतीस सपोर्टर

परदेशीपुरा, इंदूर
मंगळवार

ती. प्रतापरावभावोजींना धाकट्या मेहुणीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईने हातोदहून पाठवलेले मेथीचे लाडू पोचले आणि संपलेही. इकडे मी इतकी मजेत आहे की तीन दिवस झोप नाही. भावोजी, मी निवडणुकीला उभी आहे. (ताईला आधी पाणी द्या, मग सांगा.)

आपल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीपदाची निवडणूक. समोर प्रमोदिनीबाई. त्या निवडून आल्या तर रविवारचा मुलांचा मराठी वर्ग बंद करून तिथे झुंबा सुरू करणार. आमची नात खुशी आत्ता कुठे "आजी, मला भूक लागली" म्हणायला लागलीय. आधी "मला भूक लग रही आहे" चालायचं. वर्ग गेला तर पोरगी उद्या माझ्याशी बोलणार कशात, या धास्तीने मी अर्ज भरला.

सपोर्टर म्हणजे पाठीराखा, असं मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. चुकीचं शिकवलं. समोरचा अर्पित आला, "काकीजी, टेन्शन नका घेऊ, आपण तुमचे पक्के सपोर्टर" म्हणाला आणि दोन प्लेट तळलेले गराडू खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीबाईंच्या ओट्यावर कचोरी खात बसलेला. विचारलं, तर त्यांचाही सपोर्टर आहे म्हणे, घरी आलेल्याला मना कसं करणार. (आपल्या इंदुरात तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही, हे मी विसरले.) मंडळातले बाबूराव तर माझ्या प्रचाराला आठ दिवस फिरले आणि मतदानाच्या सकाळी मला विचारतात, उभं कोण कोण आहे. असे एकतीस सपोर्टर मी वहीत लिहिले होते.

रविवारी चिठ्ठ्या टाकल्या. डबा उघडला तर मला अठरा, त्यांनाही अठरा. मी चिठ्ठ्या पुन्हा मोजायला घेतल्या. प्रमोदिनीबाई मात्र सगळ्यांसमोर खुशाल म्हणाल्या, "मी माझं मत मलाच दिलं. मीच माझी पहिली सपोर्टर." तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ नीट कळला, कारण मी माझं मत त्यांना दिलं होतं. स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहायचं म्हणजे जेवायला वाढताना आधी आपल्याच पानात श्रीखंड घेण्यासारखं. आईने आम्हा बहिणींना तसं वाढवलेलंच नाही, ताईला विचारा.

गुडघ्याला तेल लावत जा. ताईला नमस्कार.

तुमची,
सुलोचना

ता. क. येत्या रविवारी सकाळी दहाला फेरमतदान आहे. तुम्ही दोघं मंडळाचे आजीव सभासद आहात. गुडघ्यासकट या.

ता. ता. क. प्रमोदिनीबाईंच्या यादीत तुमचं नाव तिसरं आहे. फोन करून "सपोर्टर आहे" म्हणालात म्हणे. असू दे, तुम्हीही इंदूरचेच. चिठ्ठीवर माझं नाव लिहा म्हणजे झालं.

आणखी एक. मी रोज पाटीवर स्वतःचं नाव लिहायचा सराव करतेय, पण रविवारी मत पुन्हा त्यांनाच जाणार असं दिसतंय. म्हणून ताईला नक्की आणा.